गाळाचे कण आणि नदीचा पूर्वेतिहास

नदी आपला सगळा भार एकाच ठिकाणी टाकीत नाही. प्रवाह जोरात असतो तोवर मोठे गोटेही गडगडत जातात. वेग मंदावू लागला की प्रथम गोटे थांबतात, मग रेव आणि त्यानंतर वाळू. पोयटा व चिकणमाती मात्र पाण्यात तरंगत राहून संथ जागी तळाशी बसतात. सुपात पाखडताना जड दाणे मागे राहून फोल पुढे जावे, तशीच ही निवड होय.

या निवडीचे मोजमाप करता येते. वाळवलेला गाळ चाळण्यांच्या उतरंडीतून चाळतात आणि प्रत्येक चाळणीवर राहिलेल्या कणांचे वजन करतात. २ मिलिमीटरपासून १/१६ मिलिमीटरपर्यंतच्या कणांना वाळू म्हणतात. त्याहून बारीक कण पाण्यात तळाशी बसण्यास किती वेळ घेतात, यावरून त्यांचा आकार ठरवितात. कण बहुतांशी एका आकाराचे असतील, तर पाण्याने त्यांची चांगली निवड केली, असे समजतात. गोटे, वाळू व माती यांची सरमिसळ असेल, तर भार घाईने टाकला गेला असावा. चपटे गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेलून उगमाकडे उतरते झालेले असतील, तर प्रवाहाची दिशाही कळते.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे प्रवरेच्या काठी असे थर उघडे पडले आहेत. खाली चुन्याने घट्ट झालेली भरड रेव आणि वर पोयटा, अशी त्यांची रचना आहे. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले. तेथील रेवेत अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या. रेव म्हणजे अतिवृष्टीचा काळ व पोयटा म्हणजे कोरडा काळ, असे मानण्याकडे पूर्वी अभ्यासकांचा कल होता.

तथापि कण सांगतात ते त्या जागेवरील प्रवाहाचा जोर, पाऊस नव्हे. पाऊस घटला, वनस्पती विरळ झाल्या, तर उतारावरून अधिक गाळ सुटतो आणि क्षीण झालेल्या नदीला तो पुढे नेता येत नाही. अशा वेळी पात्र भरून येते. विश्वास काळे व शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये वायव्य दख्खनच्या नद्यांविषयी असेच मत मांडले. सुमारे १७ ते १० हजार वर्षांपूर्वी, मोसमी पाऊस दुर्बळ असताना, या नद्यांची पात्रे गाळाने भरत गेली. पुढे पाऊस वाढल्यावर नद्यांनी तोच गाळ कोरून काढला.

याउलट नर्मदेच्या घळीत, पात्रापासून खूप उंचावर, आडोशाला बारीक वाळू व पोयट्याचे थर आढळतात. कण बारीक असले तरी ते महापुराचीच खूण आहेत. कारण तेवढ्या उंचीवर पाणी चढल्यावाचून ते तेथे पोहोचलेच नसते. नदीच्या पाण्याच्या लेखी नोंदी फार जुन्या नाहीत. धरणाचा सांडवा किती पुरासाठी बांधावा हे ठरविताना म्हणूनच अशा थरांची साक्ष मोलाची ठरते. मात्र ती घेताना कणाच्या आकाराबरोबर त्याची जागाही पाहिली पाहिजे.