उंदराच्या मेंदूत जेलीफिशचा हिरवा रंग

प्रश्न : माझी मुलगी बोस्टनला पीएच.डी. करते. तिने उंदराच्या मेंदूतल्या पेशींचा फोटो पाठवला आहे. पेशी हिरव्यागार चमकताहेत, आणि ती म्हणते हा रंग जेलीफिशचा. जेलीफिशमधून रंग काढतात कसा? आणि तो उंदीर अंधारात चमकतो का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आता काढत नाहीत, पण एके काळी काढत होते, आणि ते काम भलतंच किचकट होतं. १९६१ च्या उन्हाळ्यात प्रिन्स्टन विद्यापीठातले ओसामू शिमोमुरा आणि फ्रँक जॉन्सन वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरला गेले. तिथे त्यांनी सुमारे दहा हजार जेलीफिश पकडल्या आणि छत्रीच्या कडेची प्रकाश देणारी पट्टी तेवढी कापून घेतली. पण तिच्यातलं प्रकाशाचं रसायन शाबूत वेगळं होईना. आम्ल घातल्यावर प्रकाश थांबला, आम्ल निवळल्यावर मिणमिणता परतला. दिवसाचं काम आटोपून शिमोमुरांनी उरलेला अर्क सिंकमध्ये ओतला, तर सिंक निळ्या प्रकाशाने लखलखलं! मत्स्यटाकीतलं समुद्राचं पाणी तिथे वाहून येत होतं. त्यातल्या कॅल्शियमने प्रकाश पेटवला होता. कॅल्शियम बांधून ठेवलं की काम सोपं झालं.

निळा प्रकाश देणाऱ्या या प्रथिनाला एक्वोरिन म्हणतात. त्याच्यासोबत एक हिरवं प्रथिनही हाती लागलं. १९६२ च्या शोधनिबंधात त्याचा उल्लेख जाता जाता आला. तेच पुढे जीएफपी म्हणून गाजलं.

नवल असं की, २३८ अमिनो आम्लांच्या या साखळीतली तीन शेजारी-शेजारी असलेली आम्लं आपसांत जुळून रंग तयार करतात. त्यासाठी प्राणवायू पुरतो, जेलीफिशचं दुसरं काहीच लागत नाही. म्हणजे नुसतं जनुक दिलं, की कुठलीही पेशी तो रंग स्वतः बनवणार. मारलेल्या पेशीवर रंग चढवणं जुनंच होतं. जिवंत पेशीत डोकावता येणं ही खरी क्रांती. हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला जीएफपीचं जनुक जोडलं, की गाईच्या गळ्यात घंटा बांधल्यासारखं होतं. प्रथिन कुठे गेलं ते कळत राहतं.

हे जनुक अमेरिकेतल्या वूड्स होलच्या सागरी संशोधन संस्थेत डग्लस प्रॅशर यांनी वेगळं केलं (१९९२). पुढच्या कामाला पैसा मिळेना, तेव्हा त्यांनी ते कोलंबिया विद्यापीठाच्या मार्टिन चॅल्फी आणि सॅन दिएगोच्या रॉजर त्सिएन यांना पाठवून दिलं. चॅल्फींनी १९९४ मध्ये इवल्याशा गोलकृमीच्या चेतापेशी हिरव्या करून दाखवल्या. त्सिएन यांनी रंग उजळ केला, नव्या छटा काढल्या. पुढे प्रवाळातल्या लाल प्रथिनापासून त्यांच्या प्रयोगशाळेने केलेल्या रंगांना चेरी, टोमॅटो, केळं अशी नावं पडली. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. नोबेल तिघांपुरतंच, त्यामुळे प्रॅशर बाहेर राहिले. तेव्हा ते अलाबामात मोटारींच्या शोरूमची गाडी चालवत होते. विजेत्यांनी त्यांना समारंभाला बोलावून घेतलं, हे बरं केलं.

आता उंदराचं. जीएफपी काजव्यासारखं आपणहून उजळत नाही. निळा किंवा अतिनील प्रकाश टाकला, तरच ते तो शोषून हिरवा परत देतं. मिट्ट काळोखात काही दिसणार नाही. अंगभर जीएफपी असलेले उंदीर जपानमध्ये १९९७ मध्ये तयार झाले. निळा दिवा धरला की त्यांची कातडी हिरवी दिसते, केस मात्र नाहीत. तुमच्या मुलीच्या उंदरात जनुक फक्त मेंदूतल्या काही पेशींत चालू असेल, तर पिंजऱ्यात तो शेजारच्या उंदरांसारखाच दिसत असणार.