मेपलचा पाक : झाडाच्या रसाचे गुऱ्हाळ

‘साखर कशापासून होते ?’ असे चौथीच्या वर्गात विचारले असता ‘उसापासून’ हे एकच उत्तर येते. उत्तर चूक नाही, अपुरे आहे. भूगोल, निसर्ग-अभ्यास व गणित या तिन्ही विषयांस एकत्र जोडणारा पाठ म्हणून मेपल वृक्षाच्या पाकाची माहिती शिक्षकबंधुभगिनींसाठी येथे देत आहे.

कॅनडाच्या पूर्वभागात क्वेबेक हा प्रांत आहे. जगातील मेपल-पाकापैकी सुमारे शेकडा ७० पाक तेथे तयार होतो व तो बहुतांशी शेतकरी कुटुंबेच करतात. १९६५ सालापासून कॅनडाच्या ध्वजावर जे पान आहे, ते याच वृक्षाचे. पाक करण्याची विद्या मात्र मूळची तेथील आदिवासींची. युरोपातून आलेल्यांनी ती त्यांच्यापासून घेतली. हे मुलांस अवश्य सांगावे.

उन्हाळ्यात पाने जे अन्न तयार करतात, ते पिष्टरूपाने खोडात साठते व थंडीत त्याची साखर होते. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि दिवसा शून्यावर चढतो. या गोठण्या-वितळण्यामुळे खोडात दाब निर्माण होतो आणि साल भेदून भोक पाडल्यास रस ठिबकू लागतो. मुळे रस वर ढकलतात म्हणून तो गळतो, असे पुष्कळदा शिकविले जाते. मेपलच्या बाबतीत ते बरोबर नाही. तसेच हा रस म्हणजे वडा-पिंपळाचा चीक नव्हे. तो पाण्यासारखा निर्मळ असतो व जिभेस जेमतेम गोड लागतो.

खोडात बोटाच्या दोन पेरांएवढे खोल भोक पाडून त्यात तोटी बसवितात व खाली बादली टांगतात. मोठ्या वाड्यांतून आता प्लास्टिकच्या नळ्यांचे जाळे असते. रस फार वेळ टिकत नाही. म्हणून तो आला की आटवावा लागतो, मग रात्र का होईना. आपल्याकडील काहिलीऐवजी तेथे रुंद, उथळ कढया असतात आणि वाफ जाण्यासाठी छपरास झडपा असतात. उकळत्या पाण्यापेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस अधिक उष्णता झाली की पाक झाला. क्षणभर दुर्लक्ष झाले तरी तो करपतो. गुळव्याची नजर ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको. पाक दिसतो काकवीसारखा. चव मात्र निराळी.

आता गणित. शेतकऱ्यांचा एक आडाखा आहे : रसात साखर शेकडा जितकी, त्या संख्येने ८६ ला भागावे, तितके लिटर रस आटविला म्हणजे १ लिटर पाक मिळतो. रसात साखर बहुधा शेकडा २ असते. म्हणजे ४३ लिटर रस हवा आणि ४२ लिटर पाणी उडवावयाचे. एका कुटुंबाची ४३० भोके असून हंगामात प्रत्येकातून ४० लिटर रस मिळाला, तर १७,२०० लिटर रसाचा पाक ४०० लिटर होईल. साखर शेकडा ३ असती तर किती, हे मुलांनी काढावे.

खरी कसोटी याच्या पुढे आहे. खोडाचा व्यास २५ ते ३० सेंटिमीटर होण्यास बहुधा चाळीसेक वर्षे लागतात. म्हणजे आजचा शेतकरी आजोबांनी राखलेल्या झाडांवर जगतो. जुने भोक बुजते, परंतु त्यामागील लाकूड पुन्हा रस वाहत नाही. म्हणून पुढील वर्षी जागा बदलावी लागते. हंगाम बिघडला की अधिक भोके पाडण्याचा मोह होतो. २०२१ साली वसंत लवकर उबदार झाला, उत्पन्न घटले आणि क्वेबेकच्या उत्पादक-संघाला राखीव साठ्यातील जवळजवळ निम्मा पाक बाजारात आणावा लागला. पाक साठविता येतो म्हणून हे जमले. झाडे साठविता येत नाहीत. बारीक खोडास भोक पाडावे की आणखी दहा वर्षे थांबावे, हा प्रश्न वर्गात मांडून मुलांस दोन्ही बाजूंनी बोलू द्यावे. घाईने उत्तर सांगू नये.

कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते. मग भांडे अर्धे भरले असले तरी काम थांबते. तोट्या काढून धुऊन ठेवतात आणि भोके झाडाने बुजवावीत म्हणून तशीच मोकळी सोडतात.