काउंटरवर राहिलेलं पेन

2012 च्या मे महिन्यात मी माझ्या वडिलांचं पेन नागपुरातल्या एका दुकानाच्या काउंटरवर ठेवून आलो. बदल्यात, वर 18,000 रुपये रोख मोजून, मखमली डबीतलं दुसरं पेन घेतलं. ठाणा पेट्रोल पंपाजवळ एसटीतून उतरलो तेव्हा ऊन रणरणत होतं, आणि डबी तापू नये म्हणून मी ती रुमालात गुंडाळून जवाहरनगरच्या क्वार्टरपर्यंत आणली. इतकी काळजी मी बाबांच्या पेनाची घेतली असती, तर हे लिहायची वेळ आली नसती. ज्यांच्या घरी आजोबांचं, वडिलांचं, मामाचं एखादं जुनं पेन कपाटात पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

बाबा ड्राफ्ट्समन. आधी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. 1964 मध्ये इथे जवाहरनगरला आयुध निर्माणी उभी राहिली आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांची बदली झाली. निघताना त्यांच्या साहेबांनी आपल्या खिशातलं पेन काढून त्यांना दिलं. ते पार्कर 51 होतं, गडद मरून रंगाचं, स्टीलचं टोपण आणि त्यावर बाणाची क्लिप. निब जवळजवळ दिसायचीच नाही, आवरणातून फक्त टोक बाहेर डोकवायचं. मागची नळी उघडली की आत धातूचं आवरण आणि त्यात एक दाबायची पट्टी. ती किती वेळा दाबायची हे त्या आवरणावरच कोरलेलं होतं. दर रविवारी आंघोळीआधी बाबा स्टीलच्या वाटीत माठातलं गार पाणी घेत, निब बुडवत आणि पट्टी हळूहळू दाबत. पाणी निळं व्हायचं, मग फिकट, मग स्वच्छ. वाटी तीनदा बदलली की पेन जुन्या बनियनच्या तुकड्यावर उलटं ठेवायचं. आम्हा भावंडांना हात लावायची मुभा नव्हती. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

ते गेल्यावर पेन कपाटात राहिलं. 2012 ला मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा वाटलं, पत्रिकांवरचे पत्ते बाबांच्या पेनाने लिहावेत. त्याच खणात काळ्या शाईची न फोडलेली बाटली होती. बाबांची शाई, बाबांचं पेन, मला शंका आली नाही. ती ड्रॉइंगची शाई होती.

पहिल्या संध्याकाळी तीस-पस्तीस पत्ते काळेभोर, देखणे उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन मुकं. मी उकळतं पाणी ग्लासात ओतून निब त्यात सोडली. तरी चालेना, तेव्हा फटीत सुई घातली.

फाउंटन पेनाच्या नेहमीच्या शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. ड्रॉइंगच्या शाईत काजळीचे बारीक कण असतात आणि ते कागदावर पक्के बसावेत म्हणून लाखेसारखा चिकट पदार्थ असतो. वाळल्यावर पाण्याने न धुपणं हाच तिचा गुण. कागदावर गुण असलेली हीच गोष्ट पेनाच्या पोटात गेली की ते चोंदतं, कारण फाउंटन पेनाचं सगळं काम केसाएवढ्या वाटेवर चालतं. न्यूयॉर्कच्या लुईस एडसन वॉटरमनने 1884 मध्ये पेटंट घेतलं ते नेमकं या वाटेचं. निबेखाली जी जीभ असते तिच्यात त्याने बारीक चरे पाडले. शाई खाली उतरते आणि तेवढीच हवा वर जाते, म्हणून शाई एकदम भसकन सांडत नाही आणि अडतही नाही. वॉटरमन विमा एजंट होता, करारावर शाई सांडली आणि गिऱ्हाईक हातचं गेलं, म्हणून त्याने पेन सुधारलं, अशी एक गोष्ट सांगतात. ती पुरावा म्हणून धरू नका. पेटंट मात्र खरं आहे आणि आज लाखाच्या पेनातही तोच चरा काम करतो. मी तो काजळीने बुजवला होता.

म्हणून जुन्या पेनात फाउंटन पेनासाठी बनलेलीच शाई घाला, आणि तीही निळी, धुतली जाणारी. परदेशी बाटलीच हवी असं नाही. दि. प. दांडेकरांनी 1931 मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. तिची रॉयल ब्लू आमच्या तीन पिढ्यांनी वापरली. पार्करनेही त्याच वर्षी, 1931 ला, आपली क्विंक शाई बाजारात आणली होती. बाबांच्या कपाटात रॉयल ब्लूची रिकामी बाटली होती. मी ती बघायला हवी होती.

पेन घेऊन नागपूरला गेलो. दुकानदार वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड. त्याने पेन उजेडात धरलं, पुढचं आवरण पकडीत धरलं आणि पिळलं. 'कट' असा आवाज झाला. आवरणाला आट्यांपाशी तडा गेला होता.

"काका, हा आता भंगारात गेला जी. पन्नास वर्षं जुना पेन, याचा पार्ट कुठे भेटते? ठेवून जा माझ्याकडे. हा घ्या, जर्मन आहे. साहेब लोकं हाच वापरतात."

टोपणाच्या माथ्यावर पांढरी चांदणी होती. निबेवर 4810 असा आकडा. लग्नघर होतं, व्याह्यांना काही चांगलं द्यायचं मनात होतं, आणि बाबांचं पेन माझ्याच हातून मेलं याची लाज वाटत होती. लवकर उठावं असं झालं. बिल मागितलं नाही.

व्याही पुण्याचे, त्यांना पेनांचा शौक आहे. भेट हातात घेऊन ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग उठून फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक काढून आणलं आणि निबेजवळ नेलं. निब चिकटली. सोन्याला चुंबक ओढत नाही. "तुम्हाला फसवलंय दादा," ते हळूच म्हणाले, "पण मला सांगा, तुम्ही त्याला काय दिलंत?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला तो नकली पेनामुळे नाही, तर मी दिलेल्या पेनामुळे. आठवड्याने मी परत त्या दुकानात गेलो, तेव्हा बाबांचं पेन विकलं गेलं होतं.

पार्कर 51 म्हणजे काय, हे मी त्यानंतर शिकलो. जॉर्ज पार्कर हा विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिल गावात तारयंत्राचं शिक्षण देणारा मास्तर. विद्यार्थ्यांची गळकी पेनं दुरुस्त करता करता त्याने 1888 मध्ये कंपनी काढली. कंपनीच्या 51 व्या वर्षी तयार झालं म्हणून या पेनाला ते नाव, आणि 1941 पासून ते विकायला आलं. निब आवरणात लपवली ती नखऱ्यासाठी नव्हे. चटकन वाळणारी शाई निबेवरच वाळू नये म्हणून. आवरण ल्युसाइटचं, म्हणजे विमानाच्या काचांना वापरतात त्या जातीच्या प्लास्टिकचं, आणि ते आतून लाखेने सांधलेलं असतं. जाणता कारागीर आधी त्याला हलकी, सुकी ऊब देतो, लाख सैल होऊ देतो आणि मग बोटांनी फिरवतो. पकड लावत नाही. 1948 पासून आत जी पट्टी आणि लवचीक नळी आली ती इतकी टिकाऊ निघाली की सत्तर वर्षांनीही कित्येक पेनांत तीच चालू आहे. मे 1945 मध्ये युरोपातल्या जर्मन शरणागतीच्या वेळी आयझेनहॉवरकडे पार्कर 51 पेनं होती. बाबांच्या साहेबांनी बाबांना अशा घराण्याचं पेन दिलं होतं, आणि त्याला तडा गेला तरी ते दुरुस्त होणारं होतं. हे दुकानदाराला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. माझं नुकसान झालं ते एवढ्यामुळेच.

म्हणून घरातल्या जुन्या पेनाला हात लावण्याआधी ते कोणाचं, कुठल्या काळातलं आणि कशाचं बनलेलं आहे, एवढं शोधा. कारण दुरुस्तीची रीत तिथूनच कळते. कडेला तरफ असलेली पेनं शेफरच्या वळणाची. वॉल्टर शेफर आयोवातल्या फोर्ट मॅडिसनचा जवाहिऱ्या, त्याने 1908 मध्ये तरफेचं पेटंट घेतलं. या पेनांत रबराची पिशवी असते आणि इतक्या वर्षांत ती दगड झालेली असते. तरफ ओढून बघायचा मोह टाळा, पिशवी फुटते आणि तरफही तुटते. मागची मूठ फिरवली की आत दट्ट्या सरकतो, तशी पेनं पेलिकनने 1929 पासून केली. ती मूठ अडली तर जोर लावू नका, दोन दिवस निब गार पाण्यात ठेवा. टोपण घट्ट बसलं असेल तर तेलाचा थेंबही नको.

आणि पेन कशाचं आहे ते तर आधी बघा. काळी, वजनाला हलकी, घासल्यावर रबराचा वास येणारी जुनी पेनं एबोनाइटची. गरम पाण्यात ती तपकिरी पडतात आणि मूळ रंग परत येत नाही. 1924 मध्ये शेफरने सेल्युलॉइडची रंगीत पेनं आणली, मग सगळ्यांनीच. हे सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. आमच्या वसाहतीत नायट्रोसेल्युलोज काय चीज आहे हे कोणाला समजावायला लागत नाही, आमची फॅक्टरी जी प्रणोदकं बनवते त्यांच्या मुळाशी तेच आहे. तर घरात असं पेन असेल आणि कारागीर मेणबत्ती किंवा लायटर पेटवून ते तापवायला निघाला, तर पेन हातातून काढून घ्या. स्पिरिट आणि नेलपॉलिश काढायचं द्रावणही दूर ठेवा.

पॉलिशचं चाक तर कधीच लावू देऊ नका. पेन चकचकीत होतं, पण नळीवर कोरलेली अक्षरं जातात, आणि त्या अक्षरांत पेनाचा सगळा जन्मदाखला असतो.

नवं, महागडं पेन घ्यायचं असेल तर अधिकृत दुकानातून, शिक्क्याच्या कागदासह आणि बिलावरच घ्या. माझ्यासमोर ठेवलेली चांदणी माँब्लाँची नक्कल होती. हॅम्बुर्गच्या या कंपनीने 1913 पासून माँ ब्लाँ शिखराच्या बर्फाची खूण म्हणून ती वापरली. 1924 मध्ये तिचं माइस्टरश्टुक आलं, आणि निबेवरचा 4810 हा त्या शिखराच्या उंचीचा जुना आकडा. नक्कल करणाऱ्याला आकडा कोरता येतो. त्याला सोनं परवडत नाही. निबेवर 14 कॅरटसाठी 585 किंवा 18 कॅरटसाठी 750 असा छाप असतो, तो बघा. चुंबक लावा. क्लिपच्या कड्यावरचा क्रमांक कागदाशी ताडून बघा. विकणारा यातल्या एकाही गोष्टीला कां-कूं करत असेल तर उठून या, लग्नघर असलं तरी.

मोठ्या नावाचं दडपणही घेऊ नका. याच कंपनीने 2009 मध्ये गांधीजींच्या नावाने 241 पेनं काढली. दांडीयात्रेच्या मैलांइतकी, प्रत्येकी अकरा लाखांवर किमतीची. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि भारतातली विक्री थांबवावी लागली. मला त्याहून राजमहेंद्रीच्या रत्नम यांची गोष्ट मोलाची वाटते. त्यांनी स्वदेशी पेन घडवून 1935 मध्ये कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पाठवलं. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाची कचेरी आपल्या वर्ध्याला होती. गांधीजींनी ते वापरून बघितलं आणि परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, अशा अर्थाचं पत्र रत्नम यांना लिहिलं. घरात असं देशी, एबोनाइटचं, ड्रॉपरने शाई भरायचं पेन निघालं तर ते स्वस्तातलं म्हणून टाकून देऊ नका.

मागच्या महिन्यात आमच्या ओळीतल्या एका क्वार्टरमधला मुलगा आला. "काका, आबाजींचा पेन आहे जी, चालत नाही, तुम्हाला कळते म्हणतात." हिरवट पट्ट्यांचं शेफर, टोपणावर पांढरा ठिपका. मी त्याला सांगितलं, हा ठिपका 1924 पासूनचा, आणि आता ही कंपनीच भारतीय झाली आहे, 2022 मध्ये बंगळुरूच्या विल्यम पेनने ती विकत घेतली. तरफेला आम्ही दोघांनीही हात लावला नाही. फक्त निबेचं टोक वाटीतल्या गार पाण्यात ठेवलं आणि चहा घेतला. चहा होईतो पाण्याच्या तळाशी निळं उतरलं होतं. आजोबांनी शेवटची भरलेली शाई. मुलगा वाटीवरून नजर हलवेना. रबरी पिशवी बदलायला ते जाणत्या कारागिराकडेच पाठवायचं ठरलं, पण आधी मुलाकडून भिंगाखाली नळीवरची अक्षरं वाचून घेतली, वहीत उतरवली आणि मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले.

बाबांच्या पेनाच्या काळातल्या अमेरिकी पार्करवर नळीच्या अक्षरांशेजारी एक आकडा असतो, तो वर्षाचा शेवटचा आकडा, आणि त्याला लागून ठिपके. ठिपक्यांवरून तिमाही कळते. बाबांच्या पेनावरही आकडा होता, लहानपणी वाटीजवळ बसून तो मी रविवारी कितीदा तरी बघितला आहे. आठ की नऊ, आणि ठिपके एक की दोन, ते मला आता आठवत नाही.