भंगारातील सोने आणि सौम्य विद्रावके

कार्यालयातील बंद पडलेला संगणक भंगाराच्या यादीत जातो, तेव्हा त्याचे मोल वजनावर ठरते. वस्तुतः खाणीतील एक टन दगडातून बहुधा काही ग्रॅमच सोने हाती लागते; एक टन जुन्या मोबाईल संचांत मात्र ते २०० ग्रॅमांहून अधिक असू शकते. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदके अशाच टाकाऊ उपकरणांतून घडली. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात जपानी नागरिकांनी दिलेल्या वस्तूंतून ३२ किलोग्रॅम सोने निघाले.

सोने कोणत्याही एका नेहमीच्या आम्लात विरघळत नाही. त्यासाठी दोन कामे एकाच वेळी व्हावी लागतात: सोन्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढून घेणे आणि सुटलेला अणू द्रवात धरून ठेवणे. अम्लराजात पहिले काम नायट्रिक आम्ल करते, तर दुसरे हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइड. परंतु उघड्यावर, साध्या पिंपात हा उद्योग चालतो तेथे विषारी वाफ कामगाराच्या छातीत जाते आणि उरलेले आम्ल गटारात. खाणींत प्रचलित असलेल्या सायनाइडचा धोकाही लहान नव्हे. जानेवारी २००० मध्ये रोमानियातील बाया मारे येथे बांध फुटला आणि सायनाइडयुक्त पाणी तिसा नदीपर्यंत पोहोचून असंख्य मासे मेले.

म्हणून सौम्य विद्रावकांचा शोध सुरू झाला. त्यांपैकी थायोसल्फेट जुन्या छायाचित्रकारांच्या चांगल्या परिचयाचे आहे. अंधाऱ्या खोलीतील ‘हायपो’ तो हाच. अमोनियायुक्त द्रावणात तांब्याचे आयन इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि थायोसल्फेट सोन्याला धरून ठेवते. अमेरिकेतील नेवाडा राज्यातील गोल्डस्ट्राइक खाणीत २०१४ पासून थायोसल्फेटचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला. सर्किट बोर्डांबाबत अडचण निराळीच आहे. त्यांत तांबे इतके असते की ते थायोसल्फेटचा फडशा पाडते. तेव्हा तांबे आधी वेगळे करावे लागते; अर्थात तेही विकले जातेच.

दुसरी वाट अधिक कुतूहलाची आहे. शेतातील युरिया आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जाणारे कोलीन क्लोराइड हे दोन्ही घन पदार्थ. पण ठराविक प्रमाणात एकत्र केले असता त्यांचा द्रव बनतो, आणि तो सुमारे १२ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये हे दाखविले. याच कुळातील द्रवात आयोडीन घातले की सोने विरघळते. हे द्रव काकवीसारखे दाट असल्याने काम मंद चालते. शिवाय ‘हरित’ म्हणजे निरुपद्रवी असे मुळीच नव्हे. अमोनियाही वाऱ्यावर सोडण्याजोगा नाही.

ब्रिटनच्या रॉयल मिंटने वेल्समधील कारखान्यात २०२४ मध्ये साध्या तापमानावर सोने वेगळे करणारी रासायनिक पद्धत सुरू केली. तेथे वर्षाला ४,००० टनांपर्यंत सर्किट बोर्ड हाताळण्याची योजना आहे.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. शाळा वा ग्रामपंचायतीने जुने संगणक विकताना बोली लावणाऱ्याकडून या नोंदणीचा पुरावा आधी मागून घ्यावा.