एका शर्टामागे मजुरी किती? पगार आणि मजुरी-खर्च यांतील फरक

'कारागीर तुम्हाला तासाला केवढ्याला पडतो?' असे छोट्या कारखानदाराला विचारले की तो बहुधा पगाराचाच भागाकार करून दाखवतो. पगार १५,००० रुपये, महिन्याचे कामाचे दिवस २६, दिवसाचे तास ८. म्हणजे तासाला ७२ रुपये. याच आकड्यावर तो गिऱ्हाइकाला भाव देतो. कारखाना रात्रंदिवस चालतो, माल वेळेवर जातो, तरी वर्षअखेर गाठीला काही राहत नाही. परिव्ययाच्या, म्हणजे कॉस्टिंगच्या हिशेबात पगार ही एक गोष्ट आणि मजुरी-खर्च ही दुसरी. या दोहोंतील अंतर आज आम्ही आकडे मांडून पाहणार आहोत.

सांताक्रूझचे नाव या विषयाशी जोडलेले आहे ते सीप्झमुळे. 'सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन' असे पूर्ण नाव असलेला हा निर्यात विभाग १९७३ साली स्थापन झाला. (जागा मात्र अंधेरी पूर्वेची, नाव तेवढे सांताक्रूझचे.) इलेक्ट्रॉनिक्ससाठी काढलेल्या या विभागात १९८०च्या दशकाच्या अखेरीस दागिन्यांचे कारखाने आले. दागिन्यात सोन्याचा भाव बाजार ठरवतो, त्यात कारखानदाराला फारसा हात घालता येत नाही. त्याच्या हाती राहते ती घडणावळ, आणि घडणावळीतला मोठा भाग असतो कारागिराची मजुरी. ती चुकली तर माल कितीही सुबक असो, सौदा तोट्याचाच. शिलाईच्या धंद्यातही कापड पुष्कळदा गिऱ्हाइकाचेच असते आणि आपण विकतो ती केवळ मजुरी. म्हणून उदाहरण शिलाईचेच घेऊ.

समजा, सांताक्रूझमध्ये शर्ट शिवणारा पंचवीस माणसांचा कारखाना आहे. टेलरचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये. यावर मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा, शिवाय विमा व प्रशासन खर्चाचा एक टक्का, मिळून १,९५० रुपये. राज्य विमा योजनेचा (ईएसआय) मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. किमान बोनस ८.३३ टक्के, तो पूर्ण पगारावर धरला तर महिन्याला १,२५०. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांची, महिना २६ दिवसांचा धरून. तिचा मासिक वाटा ७२१. एकूण १९,४०९ रुपये. ग्रॅच्युइटी आज द्यायची नसते म्हणून अनेकजण ती धरतच नाहीत. मग पाच-सात वर्षांनी जुना कारागीर सोडून जातो तेव्हा ती सगळी एकाच महिन्याच्या गल्ल्यातून जाते.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू तासांची, आणि आमच्या मते खरी गफलत तिथेच होते. वर्षाचे ३६५ दिवस. साप्ताहिक सुट्ट्या ५२ गेल्या, राहिले ३१३. सणांच्या भरपगारी सुट्ट्या ८ आणि हक्काची रजा १४ दिवस धरली तर हाती उरतात २९१. आता आठ तासांतही मशीन आठ तास चालत नाही. सुई तुटते, बॉबिन भरायची असते, कटिंग मास्तरकडून माल यायला उशीर होतो. रोजचा एक तास असा जातो असे धरू. म्हणजे वर्षाचे कामाचे तास २,०३७. वर्षाचा खर्च २,३२,९०८ रुपये. भागाकार करा: तासाला ११४ रुपये. कुठे ७२ आणि कुठे ११४!

एका शर्टाला टेलरची पाऊण तास शिलाई लागत असेल तर मालकाने ५४ रुपये मजुरी धरली, प्रत्यक्षात ती साडेपंच्याऐंशी पडली. दोन हजार शर्टांच्या ऑर्डरवर ६३,००० रुपयांचा खड्डा. हा खड्डा कुठून भरला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. पगार पुढे ढकलले जातात, निधीचा भरणा राहतो, बोनसच्या वेळी 'यंदा धंदा नव्हता' असे सांगितले जाते. कारागिराच्या खिशातून भाव कमी केला जातो आणि मालकाला ते कळतही नाही.

रोज जाणारा एक तास हा सामान्य रिकामा वेळ. तो दरात बसवायचाच. असामान्य रिकामा वेळ मात्र वेगळा. २६ जुलै २००५ रोजीच्या पावसात सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदवले. अशा वेळी कारखान्यात पाणी शिरून आठवडाभर मशीन बंद राहिले, तर त्या दिवसांचा पगार शर्टाच्या किमतीत घालायचा नसतो. तो सरळ नफा-तोटा खात्यात जातो. नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाला भाव उगाच चढा दिला जाईल आणि ऑर्डर शेजारचा घेऊन जाईल.

जादा कामाला कायद्याने दुप्पट दर आहे. ही जादाची रक्कम कोणाच्या नावे टाकायची? गिऱ्हाइकाने घाई केली असेल तर त्याच्याच ऑर्डरवर, आणि भाव ठरवतानाच त्याला तसे सांगावे. हंगामाची गर्दी असेल तर वरखर्चात टाकून सर्व मालावर वाटावी. इस्त्रीवाला, हेल्पर, वॉचमन यांचे पगारही वरखर्चातच. ते एका शर्टाला चिकटवता येत नाहीत.

नगावर मजुरी दिली की हे सारे टळते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. नगावर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाचे संरक्षण आहे आणि निधी व विम्याचे नियम लागू आहेत. वाचलेल्या वेळेची अर्धी मजुरी कारागिराला देणारी हॅल्सेची पद्धत अभ्यासक्रमात शिकवतात. दहा तासांचे काम आठ तासांत झाले तर ७२च्या दराने त्याला ५७६ अधिक ७२, म्हणजे ६४८ रुपये मिळतात. मोठ्या कारखान्यात ती ठीक. पंचवीस माणसांत त्या हिशेबाची कटकटच जास्त होईल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. एकूण मोबदल्यात भत्त्यांचा वाटा निम्म्याहून जास्त असेल तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून ग्रॅच्युइटी वाचवण्याची जुनी युक्ती आता चालणार नाही. ज्यांचे पगारपत्रक तसे आहे त्यांनी वरचा हिशेब नव्याने करावा.

राहिली उचल. ईदच्या तोंडावर किंवा गावी जाताना कारागीर उचल घेतो आणि मुनीम ती त्या महिन्याच्या मजुरीत लिहून मोकळा होतो. त्यामुळे तो महिना महाग आणि पुढचे तीन स्वस्त दिसतात. उचल हा खर्च नाही, येणे आहे. तिचे खाते कारागिराच्या नावाने वेगळे काढावे, दर पगाराला किती वळती केली ते त्याच्यासमोर लिहावे आणि शिल्लक रकमेवर त्याची सही घ्यावी.