अपिलानंतर खर्च कोणाच्या माथी?

अपिलाचा निकाल लागल्यावर त्या अपिलाचा आणि मूळ दाव्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 35 ने न्यायालयाच्या विवेकाधिकारावर सोपवला आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा या सर्वसाधारण तत्त्वाला फाटा द्यायचा असेल, तर कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन मात्र न्यायालयावर आहे. जयपूरमधील वडिलोपार्जित घराचा किंवा गाळ्याचा दावा पुण्या-नागपुरातून चालवणाऱ्या पक्षकाराची फसगत होते ती नेमकी येथे, कारण निकालपत्राची मधली पाने तो वकिलाकडून समजावून घेतो, परंतु 'खर्चा पक्षकारान अपना-अपना वहन करेंगे' ही हिंदीतील शेवटची ओळ त्याला निरुपद्रवी वाटते आणि तिचा अर्थ त्याला उमगतो तो थेट दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करतेवेळी.

अपिलाच्या हुकूमनाम्यात अपिलाचा खर्च किती झाला, तसेच तो व मूळ दाव्याचा खर्च कोणी, कोणत्या मालमत्तेतून आणि कोणत्या प्रमाणात द्यायचा, हे नमूद व्हावे, असे आदेश 41, नियम 35 सांगतो. या हुकूमनाम्याच्या विहित नमुन्यात खर्चाचा दोन बाजूंचा तक्ता असतो, एकीकडे अपीलकर्ता आणि दुसरीकडे उत्तरवादी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अपील केले तो. त्यात अपील अर्जावरील मुद्रांक, वकीलपत्रावरील मुद्रांक, नोटिसांच्या बजावणीचा खर्च आणि वकिलाची फी यांच्या नोंदी होतात. ही फी वकिलाला प्रत्यक्ष मोजलेली नसून नियमांतील दराने बसणारी असते, आणि रेल्वेभाडे, मुक्काम, बुडालेली रजा यांना तर त्या नमुन्यात रकानाच नाही. राजस्थान उच्च न्यायालयाचे जयपूर खंडपीठ 1958 मध्ये बंद झाल्यापासून 1977 मध्ये पुन्हा सुरू होईपर्यंत जयपूरकरांना उच्च न्यायालयासाठी जोधपूर गाठावे लागे. त्या फेऱ्यांचा भुर्दंडही बहुधा ज्याच्या त्याच्या खिशालाच बसला असेल.

खर्च वास्तव व वाजवी असावा, त्यात वकिलाची फी, प्रवास व निवास यांचाही विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशन प्रकरणात म्हटले खरे. पण दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच आधारे एका अपिलात 45 लाख 28 हजार रुपयांचा खर्च बसवला, तेव्हा नियम बदलेपर्यंत खर्च नियमांच्या चौकटीतच द्यावा लागेल, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो आदेश रद्द केला. त्रास देण्याच्या हेतूने केलेल्या खोट्या दाव्याबद्दल भरपाईदाखल खर्च देणारे कलम 35असुद्धा येथे कामाचे नाही, कारण त्याची मर्यादा 3,000 रुपये आहे आणि अपिले त्यातून स्पष्टपणे वगळली आहेत.

म्हणून अपील अर्जाच्या किंवा उत्तराच्या अखेरच्या मागणीत 'दोन्ही न्यायालयांचा खर्च' हे शब्द लिहिलेले असावेत, युक्तिवाद संपण्यापूर्वी खर्चाचे विवरण पावत्यांसह दाखल व्हावे, आणि त्यात आदेश 20अ ने मान्य केलेल्या, पण सहसा कोणी मागत नाही अशा बाबी, म्हणजे दाव्यापूर्वीची नोटीस, टंकलेखन, अभिलेखाची तपासणी, अपिलासाठी काढलेल्या निकाल-हुकूमनाम्याच्या नकला, यांचा समावेश करावा. हुकूमनाम्यातील बेरीज चुकली असेल तर कलम 152 खाली दुरुस्ती मागता येते. मात्र केवळ खर्चाच्या आदेशाविरुद्ध वरच्या न्यायालयात जाण्याचा मार्ग, तत्त्वाचा प्रश्न नसेल तर, जवळजवळ बंद असतो.

व्यापारी वादांचे गणित निराळे आहे, आणि जयपूरच्या जौहरी बाजारातील उधारीचा वाद तीन लाखांच्या वर गेला की तो या गटात येऊ शकतो. अशा वादांसाठी 2015 च्या वाणिज्यिक न्यायालये अधिनियमाने कलम 35 नव्याने लिहिले असून पक्षकाराचे वर्तन, अंशतः यश आणि समोरच्याने देऊ केलेली वाजवी तडजोड धुडकावणे यांचा विचार त्यात सांगितला आहे. इतका, की पैशांचा हुकूमनामा मिळवूनही नुकसानभरपाईची निराधार मागणी जोडणाऱ्या वादीवरच खर्च बसवता येतो, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे.

खालच्या न्यायालयात हरल्यावर भरलेला खर्च अपिलात निकाल फिरला म्हणून आपोआप परत येत नाही. त्यासाठी कलम 144 खाली परतफेडीचा अर्ज करावा लागतो, आणि तो सामान्यतः ज्या न्यायालयाने पहिला हुकूमनामा दिला तेथेच द्यायचा असतो, अपील जयपूरच्या खंडपीठाने मंजूर केलेले असले तरीही.