अभ्यासपाठ : शाळेचा इतिहास कोणी सांगायचा?



3 जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती. त्या दिवशी अनेक वाचनालयांत एका टेबलावर त्यांची तसबीर आणि काही पुस्तके मांडलेली असतात. मुदखेडमध्ये आपणही असे छोटे प्रदर्शन मांडायचे ठरवले, तर त्यात काय असावे? चार तक्ते पुरेत.

पहिला तक्ता : शाळेचे दार. 1848 मध्ये जोतीराव व सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्याआधी जोतीरावांनी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. हे सांगताना आपल्याला अभिमान वाटतो. पण एवढ्यावरच थांबलो, तर शाळा काढणारे दिसतात आणि शिकणारे दिसतच नाहीत.

दुसरा तक्ता : शिकणारीचे शब्द. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे ही मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ने दोन भागांत छापला. वेद वाचण्याची आम्हाला मनाई, मग आमचा धर्म कोणता, असे तिने सरळ विचारले. आपल्या लोकांना शिकण्याचा आग्रहही केला. मिशनच्या पत्राने तिचे म्हणणे तिच्याच नावाने छापले, ही गोष्ट आपण विसरू नये.

तिसरा तक्ता : भाषा. 1948 पर्यंत, निजामाच्या राज्यात, मराठवाड्यातील मुलांना वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावे लागे. आपल्या आजोबांनी ती अडचण सोसली. आज मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीने किनवटला उतरावे. त्या भागात कोलामांच्या घरी कोलामी आणि गोंडांच्या अनेक घरी गोंडी बोलतात. मूल शाळेत येते आणि समोर मराठी पुस्तक असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शक्य तेथे मातृभाषेतून शिकवावे, असेही त्यात म्हटले आहे.

चौथा तक्ता : कोरा. तो आश्रमशाळेतील मुलांसाठी ठेवावा. त्यांनी आपल्या बोलीत, देवनागरीत लिहिलेले चार शब्द, काढलेली चित्रे, शाळेबद्दलच्या तक्रारीसुद्धा तेथे लागाव्यात. नाव लावायचे की नाही, हे मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना विचारावे. देणगीदारांची नावे शेवटी, लहान अक्षरांत चालतील.

चर्चेसाठी
1. आपल्या अहवालांत मुलांचे फोटो किती आणि त्यांचे शब्द किती?
2. मुलाने तक्रार लिहिली, तर ती आपण लावू का?
3. कोलामी किंवा गोंडीतील एक तरी शब्द आपल्याला येतो का?